हॉपरबाई आणि संगणकातले जुने टेकू

जुन्या घराची भिंत कलली की तिला लाकडी टेकू देतात. पुढे भिंत पक्की बांधून होते, टेकू मात्र तसाच राहतो. येता-जाता ठेच लागते, पण काढायला गेलो आणि काही कोसळले तर, या भीतीने कोणी हात लावत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही असे टेकू असतात. ते काढता यावेत म्हणून साठी उलटल्यावर कामाला लागलेल्या ग्रेस हॉपर यांची ही ओळख.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली घड्याळे एकामागून एक खोलली. आईने रागावण्याऐवजी एक घड्याळ त्यांच्या स्वाधीन केले आणि बाकीची वाचवली. १९३० मध्ये विवाह होऊन त्या हॉपर झाल्या. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. तोपर्यंत त्या व्हासार कॉलेजात गणित शिकवू लागल्या होत्या, तेव्हा आपल्या शाळेच्या रिवाजाप्रमाणे त्यांना हॉपरबाई म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी! खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या भरती झाल्या. नेमणूक झाली हार्वर्डला, मार्क-१ या यंत्रावर. पंधरा मीटरहून लांब असलेले हे धूड सेकंदाला जेमतेम तीन बेरजा करी. पुढे १९४७ मध्ये मार्क-२ मध्ये अडकलेला पतंग सापडला, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो सापडला सहकाऱ्यांना. बाईंनी ती गोष्ट इतकी रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

त्या काळी प्रोग्रॅम आकड्यांत लिहीत. एकाच्या वहीतला भाग दुसरा उतरवून घेई आणि उतरवताना चुका होत. हे उतरवण्याचे काम यंत्राकडेच का देऊ नये, या विचारातून १९५२ च्या सुमारास बाईंनी ए-० हा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. पुढची पायरी म्हणजे इंग्रजी शब्दांत आज्ञा. वरिष्ठांचा यावर विश्वास बसेना. बाईंनी त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांत देऊन दाखवल्या, तर ते अधिकच बिथरले. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला परकी भाषा कशी कळेल, असे त्यांना वाटले! यंत्राला शब्द म्हणजे नुसती खूण, मग तो कोणत्याही भाषेतला असो, एवढी साधी गोष्ट त्यांच्या गळी उतरवायला वेळ लागला. या खटपटीतून फ्लो-मॅटिक भाषा झाली आणि तिच्या पायावर १९५९ पासून एका समितीने कोबोल घडवली.

इथवरची गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची.

कोबोल सर्वांसाठी एक असावी असा हेतू होता. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीच्या कंपायलरने तिची आपापली बोली केली. एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडे. मग प्रोग्रॅम लिहिणारे पळवाटा काढत, म्हणजे टेकू देत. नौदलाकडे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती, तेव्हा हा गुंता केवढा झाला असेल याची कल्पना करा. १९६६ च्या अखेरीस बाईंना निवृत्त करण्यात आले होते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले!

बाईंनी कंपायलरचीच परीक्षा घ्यायचे ठरवले. त्यांच्या गटाने प्रश्नपत्रिकेसारखे तपासणी-प्रोग्रॅम लिहिले. प्रमाण कोबोलप्रमाणे उत्तर आले नाही तर दोष कंपायलरचा, आणि तो सुधारायचा कंपनीने. कंपायलर सुधारला की टेकूची गरज संपली. अशा तपासणीला पुढे अमेरिकन सरकारच्या खरेदीत स्थान मिळाले. या कामाला ना पतंगाच्या गोष्टीची मजा, ना नव्या शोधाचा गाजावाजा. पण बाईंच्या कचेरीत उलट्या काट्यांचे घड्याळ होते. ते वेळ बरोबर दाखवी. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, असे म्हणणाऱ्यांना ते समोरच दिसे.

नुसता टेकू काढून भागत नाही. त्याच्यासाठी लावलेली इशाऱ्याची पाटीही काढावी लागते. प्रोग्रॅम तयार होताना कंपायलर इशारे देतो. कारण संपलेले शेकडो इशारे रोज दिसू लागले, तर लांडगा आला रे आला अशी गत होते आणि खरा इशारा वाचायचा राहतो. १९८५ च्या प्रमाण कोबोलमध्ये समितीने काही जुन्या आज्ञा कालबाह्य ठरवल्या. त्यांतली एक 'ऑल्टर'. प्रोग्रॅम चालू असतानाच पुढे कुठे जायचे ती दिशा ही आज्ञा बदलून टाकी. रस्त्यावरची पाटी रात्रीतून कोणी फिरवून ठेवावी तसे. लगेच काढली असती तर चालते प्रोग्रॅम बंद पडले असते, म्हणून आधी सूचना दिली आणि लोकांना सवड दिली. आपल्या पालकांपैकी जे १९९९ साली संगणक कंपनीत होते, त्यांना जुन्या कोबोल प्रोग्रॅममधले दोन आकडी साल शोधत काढलेल्या रात्री आठवत असतील. तेही जागा वाचवण्यासाठी दिलेले टेकूच होते.

हॉपरबाई १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. समारंभ बॉस्टनला कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर झाला. नंतरही एका संगणक कंपनीत त्या सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. 'ऑल्टर' प्रमाण भाषेतून गेली ती २००२ च्या आवृत्तीत, इशारा दिल्यानंतर सतरा वर्षांनी. काही कंपन्यांचे कंपायलर जुन्या गिऱ्हाइकांसाठी ती अजूनही चालवून घेतात.