विश्लेषण : मेंदूतली गाठ कर्करोगाची नाही, म्हणजे ऑपरेशननंतर विषय संपला? हार्वी कुशिंग यांनी आयुष्यभर मांडलेला हिशोब

एमआरआयच्या अहवालात मेंदूतली गाठ ‘बिनाइन’, म्हणजे कर्करोगाची नसलेली, असे लिहिलेले दिसले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ऑपरेशन करून गाठ काढली की झाले ना? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकी डॉक्टर हार्वी कुशिंग यांनी केला. आधुनिक मेंदू शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या रुग्णाची गोष्ट ऑपरेशन यशस्वी झाल्यावर संपली नाही. ती तिथून सुरू झाली.

कोण होते हार्वी कुशिंग?

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा असे तिघेही डॉक्टर होते. हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांच्यावर रुग्णाला ईथरची भूल देण्याची वेळ आली आणि तो रुग्ण दगावला. त्या काळात असे मृत्यू नवे नव्हते, पण कुशिंग हादरले. सहाध्यायी अर्नेस्ट ॲमोरी कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल देताना नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने टिपण्याचा तक्ता तयार केला. ऑपरेशन थिएटरमध्ये आज स्क्रीनवर सतत दिसणाऱ्या नोंदींची ही सुरुवात म्हणता येईल. जे मोजले नाही ते सुधारता येत नाही, हा धडा त्यांनी विद्यार्थिदशेतच घेतला.

१८९६ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली ते शस्त्रक्रिया शिकले. १९०१ मध्ये इटलीत त्यांनी रक्तदाब मोजणारा पट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत आणला.

कर्करोग नसलेली गाठही धोक्याची का?

कवटी ही बंद पेटी आहे. पोटातली गाठ वाढली तर पोट फुगते, कवटीला ती सोय नाही. गाठ हळूहळू वाढली, शरीरात इतरत्र पसरली नाही, तरी जागा मेंदूचीच खाते. मग डोकेदुखी, फिट, नजर मंदावणे, हातापायांतली ताकद जाणे असे त्रास सुरू होतात. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला आज आपण ‘मेनिंजिओमा’ म्हणतो. हे नाव १९२२ मध्ये कुशिंग यांनीच दिले. प्रौढांमध्ये मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींत हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

मृत्यूचे प्रमाण कसे घटले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंदूचे ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ होता. मुख्य शत्रू रक्तस्राव. कुशिंग यांनी वेगाचा मोह सोडला. ते तासन्‌तास, अतिशय हळुवार हाताने काम करत. १९११ मध्ये त्यांनी रक्तवाहिनी चिमटीत धरून बंद करणाऱ्या चांदीच्या बारीक क्लिप वापरात आणल्या. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात विल्यम बोवी यांचे विद्युत उपकरण त्यांनी मेंदूच्या गाठीसाठी वापरले. उच्च वारंवारितेचा विद्युतप्रवाह ऊतीतून गेला की तिथे उष्णता तयार होते. त्यामुळे कापणे आणि रक्त थांबवणे एकाच उपकरणाने जमते. आधी अशक्य म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून घेतले.

एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी तपासणीने निश्चित झालेल्या दोन हजाराव्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी या सर्व रुग्णांचा लेखाजोखा, मृत्यूच्या टक्केवारीसह, पुस्तकरूपाने छापला. अपयशाचे आकडे झाकायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता.

लिओनार्ड वूड यांच्या बाबतीत काय घडले?

लिओनार्ड वूड हे अमेरिकी लष्करातले अधिकारी आणि स्वतः डॉक्टर. मेनिंजिओमामुळे त्यांना डाव्या बाजूला झटके येऊ लागले होते. फेब्रुवारी १९१० मध्ये कुशिंग यांनी त्यांच्यावर दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया केली. रक्तस्रावामुळे पहिल्या वेळी मध्येच थांबावे लागले, काही दिवसांनी पुन्हा कवटी उघडून गाठ काढली. त्याच वर्षी वूड लष्करप्रमुख झाले. १९२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सुरुवातीच्या फेऱ्यांत ते आघाडीवर होते. १९२१ पासून ते फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. मेंदूच्या गाठीतून माणूस वाचतोच नाही, तर कामालाही लागतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण त्या काळात नव्हते.

पण गाठ परत आली. डावी बाजू पुन्हा दुबळी झाली. ६ ऑगस्ट १९२७ रोजी कुशिंग यांनी बॉस्टनमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया केली. ती खूप लांबली आणि काही तासांतच, ७ ऑगस्टला, वूड यांचे निधन झाले. १९१० मध्ये निकाल लिहिला असता तर हे प्रकरण शंभर टक्के यशस्वी ठरले असते. पण निकाल लागायला १७ वर्षे लागली. या मृत्यूचा कुशिंग यांना जबर धक्का बसला.

पूर्ण काढायची की थोडी ठेवायची?

हा पेच कानाच्या नसेवरील गाठीत आणखी उघड झाला. कुशिंग ती आतून पोखरत आणि बाहेरचे कवच जागेवर ठेवत. त्यामुळे टेबलावरचे मृत्यू खूप कमी झाले, पण उरलेला भाग पुन्हा वाढे. त्यांच्याच हाताखाली घडलेले वॉल्टर डँडी यांनी १९२२ मध्ये गाठ संपूर्ण काढण्याची पद्धत मांडली आणि दोघांत कटुता आली. डँडी यांच्या पद्धतीत गाठ परतण्याची भीती कमी होती, पण चेहऱ्याची नस बहुधा गमवावी लागे. आज जीव वाचवायचा की उद्याची गाठ टाळायची, असा हा वाद होता. दोघेही चूक नव्हते.

आज चित्र काय आहे?

१९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसन यांनी मेनिंजिओमाच्या रुग्णांचा अभ्यास करून या पेचाला मोजपट्टी दिली. गाठ, तिला चिकटलेले आवरण आणि बाधित हाड हे सगळे काढले, तर सुमारे ९ टक्के रुग्णांत गाठ परतली. गाठ काढून आवरण फक्त जाळले, तर १९ टक्के. आवरणाला हातच लावला नाही, तर २९ टक्के. आजही ही प्रतवारी वापरली जाते.

आता सूक्ष्मदर्शक, एमआरआय आणि नसांवर लक्ष ठेवणारी यंत्रे आहेत. अनुभवी केंद्रांत मृत्यू क्वचित होतात. गाठीचा चिवट अंश मुद्दाम ठेवून त्यावर नेमक्या किरणोपचारांचा मारा करता येतो. पण फिट, थकवा, विसराळूपणा, ऐकू कमी येणे असे त्रास काहींना ऑपरेशननंतरही राहतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन : किती गाठ निघेल, उरली तर पुढे काय, आणि एमआरआय किती वर्षे करत राहायचा?

कुशिंग यांच्या मेंदूत काय सापडले?

घरी गेलेल्या रुग्णांनी पत्राने प्रकृती कळवत राहावे, असा कुशिंग यांचा आग्रह असे. सहकारी लुईस आयझेनहार्ट या नोंदवही सांभाळत. दोघांनी मिळून १९३८ मध्ये ३१३ मेनिंजिओमा रुग्णांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वूड यांची हकिगतही आहे. हा सारा संग्रह आज येल विद्यापीठात आहे.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने कुशिंग यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत सुमारे एक सेंटिमीटरची गाठ आढळली. तीही कर्करोगाची नव्हती. हजारो गाठी काढणाऱ्या या डॉक्टरच्या डोक्यातली गाठ कुणीही काढली नव्हती आणि काढायची गरजही पडली नव्हती. तपासणीत योगायोगाने सापडलेल्या, त्रास न देणाऱ्या लहान गाठीवर अनेकदा लगेच ऑपरेशन न करता नजर ठेवण्याचा सल्ला आज दिला जातो. त्यामागचे कारण हेच आहे.