प्रकाशाची डाक

एका गावची वार्ता दुसऱ्या गावी पोचवायची, तर ती कोणीतरी वाहून न्यावी लागते, असेच मनुष्याला हजारो वर्षे वाटत होते. पायी चालणारा जासूद, घोड्यावरचा स्वार, समुद्रातील गलबत किंवा पायाला चिठ्ठी बांधलेले कबूतर, हेच काय ते वार्तेचे वाहक. जासूद थकला की वार्ता थांबे. नदीला पूर आला की ती अलीकडच्या तीरावरच अडकून पडे. टेकडीवर जाळ पेटवून शत्रू आल्याची सूचना देता येई. परंतु शत्रू किती आहेत, कोठून आले आणि त्यांच्याजवळ तोफा किती, हे तो जाळ सांगू शकत नसे. मनुष्याचे मनोगत शब्दाशब्दाने, आणि तेही घोड्याहून कितीतरी त्वरेने, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धाडता येते, हे ज्याने प्रत्यक्ष करून दाखविले, तो फ्रान्समधील संशोधक म्हणजे क्लॉद शॅप.

क्लॉदचा जन्म २५ डिसेंबर १७६३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम भागातील ब्रूलों या लहानशा गावी झाला. घराणे सुस्थितीतील होते. त्याचा एक चुलता नामांकित ज्योतिषशास्त्रज्ञ होता. १७६१ साली शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी तो थेट सायबेरियापर्यंत गेला, आणि १७६९ साली तसेच दुसरे निरीक्षण केल्यावर दूर कॅलिफोर्नियात त्याला मृत्यू आला. ज्ञानासाठी एवढे कष्ट सोसणाऱ्या पुरुषाचे उदाहरण घरातच होते. क्लॉदचे शिक्षण धर्मोपदेशक होण्यासाठी झाले. चर्चकडून त्याला ठरावीक उत्पन्न मिळू लागले आणि त्या पैशातून तो विजेचे प्रयोग करू लागला.

इतक्यात १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. चर्चच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि क्लॉदचे उत्पन्न बंद पडले. तो आपल्या गावी परतला. त्याच्या भावांवरही तोच प्रसंग ओढवला होता. असे हे पाच बंधू पुन्हा एका छताखाली आले. दुसरा कोणी असता, तर दैवाला बोल लावीत बसला असता. क्लॉदने मात्र मनात घोळत असलेली एक कल्पना हाती घेतली आणि भावांना तिच्यात सहभागी करून घेतले. कल्पना अशी, की दोन दूरच्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसांना एकमेकांशी बोलता यावे.

प्रथम त्याने विजेचा उपयोग करून पाहिला. परंतु तारेतून जाणारी वीज वाटेत निसटू नये, असे वेष्टन त्या काळी मिळेना. तो मार्ग सोडून त्याने ध्वनी वापरला. धातूचे भांडे वाजवून खूण देण्याचा प्रयत्न केला. ध्वनी फार दूर जाईना. मग त्याने प्रकाशाचा आश्रय घेतला. एक फळी एका बाजूने काळी व दुसऱ्या बाजूने पांढरी रंगविली. दोन ठिकाणी एकाच गतीने चालणारी दोन घड्याळे ठेवली. घड्याळाचा काटा इच्छित अंकावर आला, की पाठविणारा फळी फिरवी. पाहणारा दुर्बिणीतून ती फिरलेली पाहताच आपल्या घड्याळातील अंक टिपून घेई. त्या अंकांवरून कोशात शब्द शोधावयाचा. २ मार्च १७९१ रोजी ब्रूलों आणि सुमारे १५ किलोमीटर दूर असलेले पार्से या गावांमध्ये हा प्रयोग झाला. गावच्या अधिकाऱ्यांसमोर एक छोटे वाक्य काही मिनिटांत बिनचूक पोचले.

गावात मिळालेले यश राजधानीतही मिळेल, अशा आशेने क्लॉद पॅरिसला गेला. तेथे त्याने आपले यंत्र उभारले. पण एका रात्री अज्ञात लोकांनी ते मोडून टाकले. क्रांतीचे ते दिवस संशयाचे होते. कोण शत्रूचा हेर आणि कोण देशभक्त, याची कोणालाच खात्री वाटत नसे. १७९२ साली त्याने पॅरिसजवळच्या बेलव्हिल येथील एका उद्यानात दुसरे यंत्र उभे केले. तेव्हा राजा बंदिवासात होता. हे विचित्र यंत्र त्याच्याशी गुप्तपणे संधान बांधण्यासाठीच उभारले आहे, असा समज करून घेऊन जमावाने ते जाळून टाकले. तेथे काम करणाऱ्यांना जीव घेऊन पळावे लागले. महिनोगणती केलेले श्रम क्षणात राख झाले.

तरीही क्लॉद खचला नाही. त्याचा वडील बंधू इन्यास हा विधिमंडळाचा सभासद झाला होता. त्याच्या साहाय्याने क्लॉदने आपली योजना २२ मार्च १७९२ रोजीच सभेपुढे मांडली होती. पुढे नवी राष्ट्रीय परिषद आली. फ्रान्सच्या सीमांवर तेव्हा चोहोंकडून शत्रूंची सैन्ये चाल करून येत होती. सेनापतींच्या वार्ता पॅरिसला लवकर कळणे, हा देशाच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. परिषदेने परीक्षेसाठी द्रव्य मंजूर केले. १२ जुलै १७९३ रोजी पंचवीस किलोमीटरांहून अधिक अंतरावर, मध्ये एक ठाणे ठेवून, यंत्राची परीक्षा झाली. तपासनीस स्वतः हजर होते. संदेश अकरा मिनिटांत पोचला आणि त्याचे उत्तरही तसेच त्वरेने परत आले. क्लॉदला दूरसंदेशाचा अभियंता असा सरकारी हुद्दा मिळाला आणि पॅरिसपासून उत्तर सीमेवरील लील शहरापर्यंत ठाण्यांची रांग उभारण्याची आज्ञा झाली. यंत्राचे टेलिग्राफ हे नावही त्याच सुमारास पडले. दूर आणि लिहिणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनविलेले आहे.

हे नवे यंत्र पूर्वीच्या फळीहून फार निराळे होते. प्रत्येक ठाण्याच्या छतावर एक उंच खांब असे. खांबाच्या माथ्यावर साडेचार मीटरांहून थोडा लांब असा आडवा दांडा बसविलेला असे आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे दोन मीटर लांबीचा एकेक हात जोडलेला असे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसावेत म्हणून ते काळे रंगवीत. दोऱ्या व कप्प्या यांच्या योगाने खालच्या खोलीतून हे सारे हलविता येई. खोलीतही त्याच यंत्राची एक छोटी प्रतिकृती असे. ती जशी वळवावी, तसे वरचे हात वळत. ही रचना साधण्यात ब्रेगे या प्रख्यात घड्याळजीने क्लॉदला साहाय्य केले.

आता या हातांनी बोलावयाचे कसे, ते पाहा. प्रत्येक हात सात निरनिराळ्या स्थितींत ठेवता येई. म्हणून दोन हातांच्या मिळून सात गुणिले सात, म्हणजे ४९ आकृती होत. मधला दांडा आडवा किंवा उभा असे. त्यामुळे त्यांच्या दुप्पट, ९८ आकृती झाल्या. त्यांपैकी सहा आकृती कामाच्या सूचनांसाठी राखून ठेवल्या होत्या. झालेली चूक रद्द करणे, धुक्यामुळे काम थांबल्याचे कळविणे, अशा गोष्टी त्या खुणांनी सांगत. उरल्या ९२. त्यांसाठी ९२ पानांचा एक कोश तयार केला होता आणि दर पानावर ९२ ओळी होत्या. पहिली खूण पानाचा क्रमांक सांगे, दुसरी ओळीचा. अशा रीतीने अवघ्या दोन खुणांत ८,४६४ शब्दांपैकी हवा तो शब्द पाठविता येई. खूण प्रथम दांडा तिरपा ठेवून रचीत. मग दांडा आडवा किंवा उभा केला, म्हणजेच ती खूण पक्की झाली, असे समजत. त्यामुळे अर्धवट हललेल्या हातांना चुकून कोणी खूण मानीत नसे.

ठाणी साधारणपणे दहा-पंधरा किलोमीटरांच्या अंतरावर, टेकड्यांवर किंवा उंच मनोऱ्यांवर असत. तेथील कामगार मागच्या ठाण्याकडे दुर्बीण लावून खूण पाही आणि तीच आपल्या यंत्रावर जशीच्या तशी उमटवी. मग तो पुढच्या ठाण्याकडे वळे आणि आपली खूण तेथे बरोबर उतरली की नाही, याची खात्री करून घेई. खुणांचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नसे. अर्थ जाणणारा कोश फक्त मुख्य ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांजवळ असे. वाटेत चुकीची भर पडली असेल, तर ती काढून शुद्ध संदेश पुढच्या मार्गावर धाडणे, हे अशा अधिकाऱ्यांचे काम होते. पुढे पॅरिसमधून देशाच्या निरनिराळ्या दिशांना अशा रांगा निघाल्या. एका दिशेकडून आलेला संदेश दुसऱ्या दिशेला वळवावयाचा, तर तो बहुधा पॅरिसमध्ये वळवीत.

या व्यवस्थेत एका कामगाराचे काम किती लहान! मागे पाहावे, नक्कल करावी, पुढे पाहावे, एवढेच. परंतु त्या रांगेतील एकाने जरी आळस केला, तरी साऱ्या रांगेचे श्रम वाया जात. लील व पॅरिस यांच्यामधील डझनभराहून अधिक ठाण्यांवरचे लोक एकमेकांचे तोंडही पाहत नव्हते. प्रत्येकाने आपली खूण इमानाने उमटविली, म्हणूनच संदेश अखेरपर्यंत शाबूत पोचला.

त्याचे फळ लवकरच दिसून आले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेला कोंदेचा किल्ला ३० ऑगस्ट १७९४ रोजी फ्रेंचांनी परत जिंकला. ही वार्ता त्याच दिवशी टेकडीमागून टेकडी ओलांडीत पॅरिसला पोचली आणि राष्ट्रीय परिषदेत ती जाहीर करण्यात आली. परिषदेने सैन्याचे अभिनंदन त्याच मार्गाने उलट धाडले. ज्या यंत्राला पॅरिसच्या जमावाने दोनच वर्षांपूर्वी आग लावली होती, त्याच यंत्राच्या वार्तेने आता तेथे जयघोष झाला.

१७९८ साली स्ट्रासबूर व ब्रेस्ट या शहरांपर्यंत नव्या रांगा पोचल्या. परंतु पुढचा मार्ग सुखाचा नव्हता. द्रव्याची टंचाई नित्याचीच होती. व्यापाऱ्यांना व वृत्तपत्रांना या यंत्राचा उपयोग करू द्यावा, म्हणजे त्याचा खर्च निघेल, असे क्लॉदने सुचविले; पण राज्यकर्त्यांना ते मानवले नाही. शिवाय, ही कल्पना मूळ आपलीच, असे म्हणणारे लोक पुढे आले. त्याचा जुना साहाय्यक ब्रेगे यानेही दुसऱ्या एका अभियंत्याबरोबर निराळे यंत्र मांडून क्लॉदच्या यंत्रातील उणिवा दाखविल्या. हे आरोप क्लॉदच्या जिव्हारी लागले. त्यातच त्याला आजाराने घेरले. त्याचे मन उदास राहू लागले. मनाच्या दुखण्यालाही शरीराच्या दुखण्यासारखेच उपचार व आधार लागतात, ही जाणीव त्या काळी समाजाला फारशी नव्हती. २३ जानेवारी १८०५ रोजी, अवघा एकेचाळीस वर्षांचा असताना, या दुःखाच्या भरात त्याने आपले जीवन संपविले.

त्याचे कार्य मात्र त्याच्या भावांनी पुढे चालविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये पाचशेहून अधिक ठाणी उभी राहिली आणि त्यांच्या मार्गांची एकूण लांबी सुमारे ५,००० किलोमीटर झाली. रात्री व धुक्यात हे यंत्र मुके होई, हा त्याचा मोठा दोष होता. विजेच्या तारायंत्राला अंधाराचे भय नव्हते. म्हणून १८५५ च्या सुमारास टेकड्यांवरचे ते काळे हात कायमचे स्तब्ध झाले. तरी फ्रान्समधील पहिल्या विद्युत्तारायंत्रांच्या काट्यांना प्रथम क्लॉदच्याच खुणा शिकविण्यात आल्या होत्या. ते यंत्र बनविणारा पुरुष त्या जुन्या घड्याळजी ब्रेगेचाच नातू होता.

पुढे शंभर वर्षे वार्ता तारेतून व नंतर आकाशलहरींतून धावू लागली. प्रकाश मागे पडला, असे वाटले. परंतु १९६६ साली चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने सहकाऱ्याच्या साहाय्याने असे दाखवून दिले, की अतिशुद्ध काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल. १९७० साली तसा तंतू अमेरिकेत तयार झाला. आज समुद्राच्या तळाशी आणि आपल्या रस्त्यांच्या खाली असे तंतू पसरलेले आहेत. त्यांतून प्रकाशाच्या ठिणग्या एका सेकंदात अब्जावधी वेळा लुकलुकतात. काही अंतर गेल्यावर प्रकाश मंदावतो, म्हणून वाटेत त्याला पुन्हा सतेज करणारी साधने बसवितात. वाटेत शिरलेल्या चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी संदेशाबरोबर जादा खुणाही धाडतात. जेथे अनेक मार्ग मिळतात, तेथे काही ठिकाणी चिमुकले आरसे कलून हवा तो प्रकाशकिरण हव्या त्या तंतूत वळवितात. पाहणे, नक्कल करणे, चूक सुधारणे आणि योग्य वाटेला लावणे, ही सारी कामे एके काळी क्लॉद शॅपच्या ठाण्यांवरची माणसे डोळ्यांनी व हातांनी करीत असत.

पॅरिसमध्ये क्लॉदचा एक पुतळा होता. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वितळविण्यात आला. त्याच्या समाधीवर मात्र त्याच्या यंत्राची आकृती आजही आहे. उत्पन्न गेले असता, यंत्र मोडले असता आणि ते जळून राख झाले असतानाही तो पुन्हा उभा राहिला. एकट्याच्या बळावर कोणतीही वार्ता दूर जात नाही, हे त्याच्या ठाण्यांवरील अनाम कामगारांनी दाखवून दिले. आपल्या वाट्याला आलेले काम कितीही लहान असो, ते चोखपणे करून पुढच्याच्या हाती सोपविणाऱ्या माणसांमुळेच मोठी कार्ये तडीस जातात.