ॲडम ऑस्बर्न : उचलून नेता येणारा संगणक

आज लॅपटॉप मुलांच्या दप्तरात मावतो. पण उचलून नेण्याजोगा संगणक बाजारात पहिल्यांदा खपवून दाखवणाऱ्या माणसाचं बालपण आपल्याच देशात गेलं, हे वर्गात कधी सांगितलंय का?

ॲडम ऑस्बर्न यांचा जन्म 6 मार्च 1939 रोजी बँकॉकला झाला. वडील आर्थर इंग्रज, आई पोलिश. रमण महर्षींच्या ओढीनं आई मुलांना घेऊन तमिळनाडूत तिरुवण्णामलैला आली. वडील मागे राहिले आणि महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडले. मुलांची शाळा कोडाईकनालला झाली.

पुढे ते इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमला रसायन अभियांत्रिकी, मग अमेरिकेत डॉक्टरेट. शेल कंपनीत नोकरीही केली, पण मन रमलं नाही. मायक्रोप्रोसेसर नवीन होता, त्यावर त्यांनी सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली, स्वतःच छापली. ती इतकी खपली की 1979 मध्ये मॅकग्रॉ-हिलनं त्यांची प्रकाशन संस्थाच विकत घेतली.

1981 मध्ये आला ऑस्बर्न-1. रचना ली फेल्सेनस्टाइन यांची. वजन साधारण 11 किलो! अमरावतीहून अकोल्याला एसटीत मांडीवर घेऊन निघालात, तर बडनेरा येईस्तोवर पाय बधिर व्हायचे. पडदा 5 इंचांचा, म्हणजे आजच्या मोबाईलपेक्षाही लहान. मेमरी 64 केबी. खरी गंमत किमतीत होती बरं का. 1795 डॉलरमध्ये यंत्र तर मिळायचंच, शिवाय लेखनाचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअरही सोबत, आणि ते वेगळं घेतलं तर जवळपास तेवढेच पैसे पडायचे. लोक तुटून पडले. ऐन भरात महिन्याला 10,000 संगणक विकले गेले.

आणि सप्टेंबर 1983 मध्ये कंपनी दिवाळखोर!

झालं काय? नवं मॉडेल तयार होण्याआधीच ऑस्बर्न त्याच्याबद्दल बोलून बसले. अकोल्यातल्या कापड दुकानदारानं दिवाळीच्या आठ दिवस आधी सांगितलं, की पुढच्या महिन्यात याहून भारी माल येतोय, तर आज गिऱ्हाईक खिशात हात घालेल का? व्यापारशास्त्रात याला ऑस्बर्न परिणाम असंच नाव पडलं. पण मुलांना सांगताना एवढ्यावर थांबू नका. केप्रो कंपनी त्याच किमतीत मोठा पडदा देत होती, आयबीएमच्या पद्धतीचे संगणक बाजार खात होते, आणि कंपनीचा स्वतःचा हिशेबही विस्कटलेला होता. सगळं खापर एका जिभेवर फोडणं मला तरी पटत नाही.

ते खचले नाहीत. 1984 मध्ये पुस्तकांसारखं स्वस्त सॉफ्टवेअर विकणारी पेपरबॅक सॉफ्टवेअर काढली. लोटस कंपनीनं नकलेचा दावा लावला, 1990 मध्ये निकाल विरुद्ध गेला, तेही संपलं. तोवर मेंदूच्या आजारानं गाठलं होतं. 1992 मध्ये ते बहिणीकडे कोडाईकनालला परतले. तिथंच 18 मार्च 2003 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.