बालगोपाळांचा संगीतकार : जो रपोझो

ज्याला मोठ्यांसाठी चाली बांधता येत नाहीत तो मुलांसाठी बांधतो, असा एक समज आपल्याकडे सर्रास आढळतो. ज्यांचा तो असेल त्यांनी जो रपोझोचे चरित्र अवश्य पाहावे.

८ फेब्रुवारी १९३७ रोजी अमेरिकेतील फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावी, एका पोर्तुगीज वंशाच्या कुटुंबात तो जन्मला. वडील संगीतकारच. हार्वर्डची पदवी घेऊन त्याने पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे धडे गिरवले. या बाईंच्या हाताखाली कितीतरी नामवंत रचनाकार तयार झाले. पुढे काही वर्षे रंगभूमीवर उमेदवारी झाली.

१० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाले. गरीब वस्तीतील मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच अक्षरे व अंक यांची ओळख व्हावी, हा हेतू. मुले जाहिरातींची गाणी पटापट पाठ करतात, मग त्याच वाटेने मुळाक्षरे का शिकवू नयेत, असा साधा विचार त्यामागे होता. साहजिकच सारी मदार संगीतावर! कार्यक्रमाचा पहिला संगीत दिग्दर्शक होता रपोझो. कार्यक्रमाच्या शीर्षकगीताची चालही त्याचीच. १९७१ साली 'द इलेक्ट्रिक कंपनी' या वाचन शिकवणाऱ्या मालिकेचेही संगीत त्याच्याकडे आले.

पण त्याचे खरे मोठेपण 'बीइंग ग्रीन' या १९७० च्या गाण्यात दिसते. कर्मिट नावाचा बाहुला-बेडूक, आवाज जिम हेन्सनचा. आपला हिरवा रंग कोणाच्या नजरेत भरत नाही याची त्याला खंत वाटते, आणि शेवटी तोच रंग त्याला आपला वाटू लागतो. वर्णभेदाने पोळलेल्या त्या देशात हे गाणे केवळ बेडकाचे कसे राहणार? फ्रँक सिनात्राने ते गायिले, रे चार्ल्सनेही गायिले. १९७३ च्या एकाच तबकडीत सिनात्राने रपोझोची चार गीते घेतली. त्याच वर्षी त्याचे 'सिंग' हे गाणे कार्पेंटर्स या बहीणभावांनी लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर नेले. त्याचा काही भाग तर निव्वळ 'ला ला' आहे. शब्द न येणारे पोरही त्यात सूर मिळवू शकते. हे सोपेपण सोपे नव्हे, असे आम्हांस वाटते.

१९८१ च्या एका बाहुलीपटातील त्याच्या गीताला ऑस्करचे नामांकन मिळाले.

५ फेब्रुवारी १९८९ रोजी, बावन्नाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असता, कर्करोगाने त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हेन्सनही गेला. न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमधील त्याच्या शोकसभेत 'बिग बर्ड' हा भलाथोरला पिवळा पक्षी एकटाच उभा राहिला आणि त्याने रपोझोचे ते हिरव्या रंगाचे गाणे म्हटले.