ग्रोव्हर क्लीव्हलँड : जबड्याची गाठ लपवणारे राष्ट्राध्यक्ष



ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा जन्म १८ मार्च १८३७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. ते १८५३ मध्ये वारले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. तेव्हा सोळा वर्षांच्या ग्रोव्हरने न्यूयॉर्कच्या अंधशाळेत सहायक शिक्षकाची नोकरी केली. म्हणजे ते आपल्याच पेशातले! पुढे ते वकील झाले आणि दोनदा देशाचे अध्यक्ष झाले (१८८५ ते ८९ आणि १८९३ ते ९७).

१८९३ मध्ये त्यांच्या टाळूला डाव्या बाजूला खरखरीत गाठ लागली. ते सिगार ओढायचे. डॉक्टरांना कर्करोगाची शंका आली. पण देशात मोठी आर्थिक मंदी होती, बातमी फुटली तर घबराट वाढेल ही भीती होती. म्हणून १ जुलैला मित्राच्या ‘ओनायडा’ या बोटीवर गुपचूप शस्त्रक्रिया झाली. डॉ. ब्रायंट यांनी तोंडातूनच वरच्या जबड्याचा डावा भाग, दात आणि टाळूचा काही भाग काढला. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहिला नाही. थोडा संशयित भाग उरला असं वाटल्यावर १७ जुलैला पुन्हा शस्त्रक्रिया केली. पोकळीत रबराचा कृत्रिम जबडा बसवला, मग बोलणं पूर्वीसारखं झालं. ऑगस्टमध्ये एका वार्ताहराने बातमी छापली, तर त्यालाच खोटं ठरवलं गेलं. खरी हकीकत १९१७ मध्ये डॉ. कीन यांनी सांगितली.

ती गाठ कसली, यावर पुढे बरीच वर्षं चर्चा चालली. कुणी अमेलोब्लास्टोमा म्हटलं. शेवटी १९८० च्या सुमारास जपून ठेवलेला तुकडा तपासला, तेव्हा तो हळू वाढणारा, सहसा न पसरणारा कर्करोग निघाला. गाठ पुन्हा आली नाही. क्लीव्हलँड १९०८ मध्ये हृदयविकाराने गेले.

आता आपल्या कामाचं. अमेलोब्लास्टोमा ही दाताचं आवरण बनवणाऱ्या पेशींतून होणारी साधी गाठ, कर्करोग नव्हे. पण ती हाडात आतवर शिरते. नुसती खरवडून काढली तर जबडा वाचतो, मात्र गाठ परत येण्याची शक्यता जास्त राहते. भोवतीच्या थोड्या निरोगी हाडासकट काढली तर ती शक्यता कमी होते, पण नंतर प्लेट किंवा पायाचं हाड बसवून जबडा पुन्हा उभा करावा लागतो. मूल वाढीचं असेल तर डॉक्टर दोन्ही बाजू तोलून ठरवतात. दहा वर्षांनीही गाठ परत येऊ शकते, म्हणून तपासणी सोडायची नाही.

वर्गात एखाद्या मुलाचा गाल एकाच बाजूने फुगलेला दिसला, दुखत नसला तरी, किंवा पक्का दात विनाकारण हलू लागला, तर पालकांना लगेच सांगा. गालफुगी म्हणून लेप लावत बसू नका. दातांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढून घ्या. क्लीव्हलँड यांनी गाठ जगापासून लपवली, पण डॉक्टरांपासून लपवली नाही. म्हणूनच ते आणखी पंधरा वर्षं जगले.