नाण्यांच्या वजनातून इतिहास वाचणारा गणिती

नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ३ हजार कार्षापणांची नोंद आहे. याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण त्याहून कित्येक शतके जुन्या चांदीच्या नाण्यांना गणिताच्या साह्याने बोलते केले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेले कोसंबी हे बौद्ध धर्माचे प्रकांड पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र. १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

संख्याशास्त्र आत्मसात करताना त्यांचे लक्ष आहत नाण्यांकडे वळले. या नाण्यांवर सन नसतो. हातोहाती फिरताना नाणे झिजते. मग वजनावरून त्याचे वय कळेल काय, हा प्रश्न होता. कोसंबींनी आधी सन छापलेली, चलनातील हजारो नाणी तोलली. वयानुसार सरासरी वजन घटत होते. मात्र एकाच वयाच्या नाण्यांतही फरक होता आणि तो काळाबरोबर वाढत होता. एकट्या नाण्याचे वजन त्याच्या वयाची ग्वाही देत नाही. समूहाची सरासरी देते, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर त्यांनी १९२४ मध्ये तक्षशिला येथे सापडलेल्या हजाराहून अधिक नाण्यांच्या साठ्याकडे मोर्चा वळवला. मागील बाजूवर जितक्या खुणा अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे आढळले. या खुणा व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या असाव्यात, असे त्यांचे मत होते. प्रत्येक नाण्याचा ठिपका आलेखावर मांडला, तर ठिपके विखुरलेले दिसतील. तरीही त्यांचा एकंदर कल खालीच राहील. केवळ सहसंबंध दिसला म्हणून कोसंबी थांबले नाहीत. झीज हे त्यामागचे कारण त्यांनी आधीच पारखले होते. शिवाय तुलना एकाच साठ्यातील नाण्यांची होती.

१९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संभाव्यतेच्या आधारे रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी स्वीकारला नाही व त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा १९५६ चा ग्रंथ मात्र नव्या इतिहासलेखनाचा पाया ठरला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. राजांच्या नावांआधी नाणी तराजूत घालण्याची शिस्त हा त्यांचा वारसा होय.