कोलू पाटलाच्या तळ्यातली मरळ

गेल्या रविवारी आमच्या घरी ओव्हनमध्ये मासळी भाजली. घर गोरेगावचे, मुंबईचे नव्हे, गोंदियाजवळचे. सून मुंबईची. हिरवी चटणी लावून पापलेट भाजायची तिला हौस, पण इथे पापलेट कुठले? ढिवराकडून किलोभर मरळ आणली. मरळीचे मांस पांढरे आणि काटे कमी. मासळी नवेगावबांधची आहे म्हटल्यावर नातवाने विचारले की, आबाजी, एवढे मोठे तळे खोदले कुणी? मग कोलू पाटलाची गोष्ट सांगणे आलेच.

हे तळे खोदलेले नाही, बांधलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने टेकड्यांमधल्या खिंडींत मातीची पाळ घातली आणि पावसाचे पाणी अडवले. जुन्या गॅझेटिअरात त्याचा विस्तार ५ चौरस मैल आणि घेर १७ मैल दिला आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीहून तलाव बांधणारे कसबी लोक आणले, तेच आपले पूर्वज, अशी कोहळ्यांची परंपरा सांगते. जो तळे बांधील त्याला जमीन, असा गोंड राजांचा व्यवहार. मोजणीची यंत्रे नव्हती. उतार ओळखायचा तो वाहत्या पाण्यावरून.

कोलूने पाणी अडवले ते धानासाठी आणि उसासाठी. मासळी ही वरकड मिळकत, आणि ती धरण्याची विद्या ढिवरांची. पुढे लोकांनी कोलूला कोलासूर देव केले. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. त्यांनीच त्याला हे काम तडीस नेण्यास मदत केली, अशी श्रद्धा आहे. मला मात्र तो पाटील म्हणूनच जवळचा वाटतो. पहिल्या पावसाळ्यात पाळ टिकते की नाही, या धास्तीने तो रात्री कितीदा उठला असेल!

असो. माझी आई मरळ पळसाच्या पानांत बांधून चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवी, पानगे भाजतात तशी. आम्ही तीच रीत ओव्हनला लावली. मरळ बुळबुळीत असते, म्हणून आधी राख चोळून धुतली. सांभार, पुदिना, कांद्याची पात, लसूण, आले आणि हिरव्या मिरच्या पाट्यावर जाडसर वाटल्या. त्यात मीठ, लिंबू आणि दोन चमचे जवसाचे तेल. हे वाटण तुकड्यांना लावून अर्धा तास मुरवले. पाने भिजवून दुहेरी घेतली, पुड्या दोऱ्याने बांधल्या आणि १८० अंशांवर पंचवीस मिनिटे ठेवल्या. पहिली खेप मात्र माझ्या हट्टापायी पाऊण तास राहिली आणि मासळी पार कोरडी झाली. सून काही बोलली नाही; दुसऱ्या खेपेला घड्याळ तिने आपल्याकडे घेतले.

जेवताना नातवाला पुढचेही सांगितले. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, ही गावाची कामे मागे पडली. कित्येक तळ्यांत रोहू-कतल्याचे बीज सोडू लागले आणि देशी मासे कमी होत गेले. अलीकडे अर्जुनी मोरगावकडच्या ढिवरांनी काही तळ्यांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या वाढल्या की मासळीला अंडी घालायला आसरा मिळतो. तीनशे वर्षांनी का होईना, तळ्याचे काम कुणीतरी पुन्हा हाती घेतले, याचे मला फार अप्रूप वाटते.

पान उघडले की पळसाचा वास आधी येतो, मग पुदिन्याचा. नातवाने दोन तुकडे संपवले आणि कोलूची पाळ कधी दाखवता म्हणून मागे लागला. पुढल्या रविवारी कोहमाऱ्यावरून जायचे ठरले आहे. सुनेने येताना मरळ आणायला सांगितली आहे. आणि जवसाचे तेलही, कारण माझ्या पहिल्या खेपेत ते निम्मे वाया गेले.